खराटा झाला म्हणून झाड मेले नाही



होळी झाली, थंडी सरली आणि आता उन्हाने डोके वर काढले आहे. या दिवसांत केज तालुक्यात कुठल्याही गावी गेले की एक प्रश्न हमखास पुढे येतो. मागच्या पावसाळ्यात सीताफळाची रोपे किंवा कलमे लावलेली असतात. दिवाळीपर्यंत ती हिरवीगार असतात. पौष-माघात पाने पिवळी पडतात, गळतात आणि फाल्गुनात पाहावे तो रानात नुसत्या काड्या उभ्या! मग घरात चर्चा सुरू होते. म्हातारी म्हणते, थंडीने गेले. कर्ता मुलगा म्हणतो, नर्सरीवाल्याने फसवले. सून म्हणते, पाणी कमी पडले. शेजारी म्हणतो, उपटून टाका आणि त्या जागी दुसरे काही लावा.

या सगळ्यांत ज्याला विचारायला हवे, त्या झाडाला मात्र कोणी विचारत नाही. झाड बोलत नाही हे खरे. पण कुठे हात लावायचा हे ठाऊक असले तर ते आपला हालहवाल नेमका सांगते. आज तीच विचारपूस कशी करायची ते पाहू. प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पैसा आहे आणि पैशापेक्षा मोलाचे असे वर्ष आहे. जिवंत झाड मेले समजून उपटले की खड्डा, रोप, खत, पाणी आणि एक वर्ष, सारेच मातीत जाते. उलट मेलेल्या झाडाला जिवंत समजून पाणी घालत बसलो तर नांग्या भरायची वेळ निघून जाते आणि बाग कायमची विरळ राहते.

सीताफळ झोपते, मरत नाही

सीताफळ मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले झाड. आपल्याकडे ते इतके रुळले की बालाघाटच्या डोंगरात कोणी न लावता उगवते. केजच्या वरच्या अंगाला धारूरचा डोंगर आहे. तिथल्या सीताफळांची गोडी आपणा सर्वांना माहीत आहेच. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आपल्या शेजारी अंबाजोगाईला आहे आणि ‘धारूर 6’ हा वाण त्याच केंद्राने दिलेला आहे. तेव्हा हे झाड आपल्या मातीला परके नाही.

डोंगरातल्या सीताफळाला माघात कोण पाणी घालते? कोणी नाही. तरी ते मरत नाही. कारण पाण्याचे दिवस संपले की ते आपली पाने टाकून देते. पाने म्हणजे झाडाची पाणी उडवणारी तोंडे. ती मिटली की खर्च थांबला. थंडी आणि कोरडी हवा सुरू झाली की झाड पानातला कस खोडात आणि मुळात ओढून घेते, पान सोडते आणि स्वस्थ बसते. घरात धान्य कमी असले की शहाणी घरधनीण जशी हात आखडता घेते, तसाच हा प्रकार. आपल्या भागातली थंडी सीताफळाची पाने पाडते, पण धडधाकट रोपाचा जीव घेण्याइतकी ती कडक नसते.

सीताफळाची आणखी एक गंमत आहे. पुष्कळ झाडांत नवा डोळा पानाच्या बगलेत दिसतो. सीताफळात तो पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. देठाचे फुगीर बूड टोपीसारखे त्या डोळ्यावर बसलेले असते. म्हणून जुने पान पडल्याशिवाय त्या जागी नवा फुटवा निघू शकत नाही. म्हणजे ज्या पानगळीला आपण मरण समजून घाबरतो, ती पुढच्या पालवीची वाट मोकळी करणे असते.

पहिली खूण: गळलेले पान आणि चिकटलेले पान

झाडाला हात लावण्याआधी दुरून एक गोष्ट पाहा. पाने गळून पडली आहेत की वाळून काडीलाच लटकली आहेत?

पान गाळणे हे झाडाचे काम आहे. देठ आणि फांदी यांच्यामध्ये झाड स्वतः एक पडदा तयार करते, तेव्हा पान अलगद सुटते. हे काम करायला फांदी जिवंत असावी लागते. फांदी एकाएकी मेली तर पडदा तयार होत नाही आणि पाने तपकिरी होऊन, चुरगळून काडीलाच चिकटून राहतात. म्हणून नुसत्या काड्यांचा खराटा झालेले झाड पाहून घाबरू नका. वाळकी पाने अंगावर घेऊन उभे असलेले झाड दिसले तर मात्र जवळ जाऊन नीट पाहा. त्याची फांदी मोडली आहे का, बुडाशी वाळवी लागली आहे का, बांध जाळताना झळ बसली आहे का, की उंदराने साल कुरतडली आहे, ते शोधा.

ही खूण पहिली आहे, शेवटची नव्हे. जोराच्या वाऱ्याने मेलेली पानेही गळून पडतात. म्हणून पुढच्या खुणाही पाहायच्या.

झाडाची विचारपूस शेंड्याकडून बुडाकडे

वैद्य जसा नाडी, जीभ, डोळे सारे पाहतो तसे झाडही एका जागी पाहून निकाल देऊ नये. शेंड्यापासून सुरुवात करावी आणि खाली यावे. कारण झाड वाळते ते बहुधा वरून खाली.

एक, काडी वाकवून पाहा. पेन्सिलीहून बारीक काडी बोटांत धरून हळूच वाकवावी. जिवंत काडी लवते. मेलेली काडी कटकन मोडते आणि आत कोरडी असते. पण शेंड्याची वीतभर काडी मोडली म्हणजे झाड मेले असे नाही. कोवळे शेंडे पुष्कळदा थंडीने आणि उन्हाने वाळतातच. खाली सरका.

दोन, डोळा पाहा. पान गळालेल्या जागी काडीवर बारीक वण असतो आणि त्यातच डोळा असतो. तो टपोरा, घट्ट आणि बोटाला टणक लागला तर झाड झोपलेले आहे. डोळा नखाने सहज भुकटी होऊन पडला तर ती गाठ गेली. चार-पाच डोळे पाहावेत, एकावरून ठरवू नये.

तीन, साल खरवडा. ही सगळ्यांत भरवशाची आणि बिनखर्ची परीक्षा आहे. अंगठ्याच्या नखाने, किंवा साल जाड असेल तर चाकूच्या टोकाने, वरची पातळ साल तांदळाच्या दाण्याएवढी खरवडावी. आत हिरवे आणि ओलसर दिसले तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर त्या जागी जीव नाही. मग चार बोटे खाली पुन्हा खरवडावे. असे करत जिथे हिरवे लागेल तिथे थांबावे. तिथून खालचे झाड आपले. जखम मात्र बारीकच करावी आणि खोडाच्या एकाच बाजूला करावी. परीक्षा घेता घेता साल गोल सोलून निघाली तर जिवंत झाड आपणच मारू.

चार, जोड पाहा. कलम लावले असेल तर जमिनीपासून थोड्या उंचीवर खुंट आणि वरची काडी यांचा जोड असतो. जोडाच्या वर हिरवे असेल तर उत्तम, आपला वाण शाबूत आहे. जोडाच्या वर सगळे वाळले आणि खालीच हिरवे असेल तर झाड जिवंत आहे, पण वाण गेला आहे. खालून फुटेल ते खुंटाचे रोप. बियांपासून केलेल्या रोपाला ही भानगड नाही. ते बुडातून फुटले तरी तेच झाड असते.

पाच, बूड आणि मूळ पाहा. वर काहीच हिरवे सापडले नाही तर बुडाशी बोटभर माती बाजूला करावी आणि जमिनीलगत साल खरवडावी. डोंगरातले सीताफळ सरपणाला तोडले तरी बुडातून पुन्हा धुमारे फेकते, हे आपण पाहिलेले आहे. म्हणून बुडाशी हिरवे असेल तर आशा सोडू नये. तिथेही शंका राहिली तर एका बाजूने हलक्या हाताने माती उकरून करंगळीहून बारीक असे एखादे मूळ पाहावे. जिवंत मूळ घट्ट असते आणि आत पांढरट दिसते. मेलेल्या मुळाची साल बोटाने सुटून हातात येते, आत काळपट असते आणि पाणी साचून मेले असेल तर कुजका वासही येतो. पाहून झाले की माती पुन्हा दाबून बसवावी.

थंड मुलखातल्या लोकांनाही हाच प्रश्न पडतो. युरोप-अमेरिकेत लोक अंगणात हायड्रेंजिया नावाचे गुच्छांचे फुलझाड लावतात. बर्फाच्या दिवसांनंतर त्याच्याही नुसत्या काड्या उरतात. तेही नखाने साल खरवडूनच पाहतात, आणि वरच्या काड्या मेलेल्या निघाल्या तरी बुडातून कोंब येईल म्हणून थांबतात. त्यांना बर्फ छळतो, आपल्याला ऊन. परीक्षा तीच.

फसवणाऱ्या खुणा

दोन खुणा फसव्या आहेत, त्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली म्हणजे नुसती हिरवी साल. उपटलेल्या रोपाची सालही काही दिवस हिरवी राहते. म्हणून बुडाशी वाळवी किंवा कुज दिसत असेल तर वरच्या हिरव्या सालीवर समाधान मानू नये. मूळ पाहावेच.

दुसरी म्हणजे फसवी पालवी. कधी कधी एखादे कलम उन्हाळ्यात चार पाने फेकते, घरात आनंद होतो आणि आठ-पंधरा दिवसांत ती पाने माना टाकतात. काडीत साठलेल्या शिदोरीवर ती पाने आलेली असतात, खाली मूळ चाललेले नसते. पालवी आली, टिकली, मोठी झाली आणि तिच्यापुढे दुसरी पाने आली, तरच झाड लागले असे समजावे.

सीताफळाचा न्याय मोसंबीला लावू नका

हे सारे वाचून कोणी असे समजू नये की उन्हाळ्यात प्रत्येक बोडके झाड झोपलेलेच असते. झाडाझाडाचा स्वभाव वेगळा आहे. अंजीर पाने गाळते. बोर उन्हाळ्यात विश्रांती घेते. आवळाही हिवाळ्याच्या शेवटी पानांच्या बारीक काड्या टाकतो. यांना सीताफळासारखेच समजून घ्यावे.

आंबा, चिकू, पेरू, मोसंबी ही मात्र बारमाही पानांची झाडे. बहारासाठी मोसंबीला ताण दिला तर थोडी पाने गळतात, तेवढे चालते. पण लहान मोसंबीचा चैत्रात पुरता खराटा झाला तर ती झोप नव्हे, ते दुखणे आहे. 2012-13 च्या दुष्काळात आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा अशा झाडाची साल त्याच दिवशी खरवडावी आणि इलाज लगेच सुरू करावा. सीताफळाला थांबणे हा शहाणपणा आहे, मोसंबीला थांबणे हा आळस ठरेल.

आक्कांच्या चिंध्या

मागे एका वर्षी मे महिन्यात आडसच्या बाजूला एका माळावर जाण्याचा प्रसंग आला. एकरभर सीताफळ लावलेले होते. पाच बाय पाच मीटरवर एकरी साधारण एकशे साठ झाडे बसतात, तशी ती होती. सगळ्या रानाचा खराटा झालेला. घरचा मुलगा म्हणाला, “साहेब, ह्यात आता राम न्हाई. उद्या ट्रॅक्टर घालतो.” त्याची आई बांधावर बसली होती. ती म्हणाली, “सायेब, लेकरावानी पानी घातलंय वो. एकदा बघा तरी, जित्तं हाय का मेलं.”

आम्ही एका ओळीतली दहा झाडे शेंड्याकडून बुडाकडे तपासली. सात झाडे जिवंत निघाली. दोन वरून वाळलेली, पण जोडाच्या वर हिरवी होती. एकाच्या बुडाला वाळवी लागून ते गेलेले होते. मुलगा काही बोलला नाही. आई मात्र म्हणाली, “मंग ह्या सगळ्याची खूण कशी ठिवायची? मला काय लिहिता येत न्हाई.”

तिनेच मग तोड काढली. घरातल्या जुन्या लुगड्यांच्या तीन रंगांच्या चिंध्या तिने फाडल्या. जिवंत झाडाला हिरवी, संशयाच्या झाडाला पिवळी, मेलेल्याला तांबडी. नातू शाळेला सुट्टी म्हणून घरीच होता. त्याने आणि आजीने मिळून सगळी झाडे तपासली आणि चिंध्या बांधल्या. ट्रॅक्टर आला नाही. आषाढी एकादशीच्या सुमाराला पुन्हा जाणे झाले तेव्हा हिरव्या चिंधीची झाडे भरून फुटली होती आणि पिवळ्या चिंधीतलीही बरीच खालून धुमारे काढून उभी होती. पाहा, घरातल्या चिंध्यांनी एक बाग वाचवली. ही रीत मी तेव्हापासून गावोगाव सांगतो. चिंधी मात्र सैल बांधावी, नाही तर खोड जाड झाले की ती सालीत रुतते.

निकाल केव्हा द्यावा?

आता तपासले आणि पिवळी चिंधी बांधली, तर किती दिवस थांबायचे? याचे उत्तर पंचांगात अर्धे आणि पावसात अर्धे आहे.

ज्या झाडांना थोडे पाणी मिळते ती चैत्र-वैशाखातच डोळे फोडू लागतात. जी नुसत्या पावसावर आहेत ती मृगाची वाट पाहतात. जमीन वीतभर ओली होईल असा पहिला चांगला पाऊस झाला की त्या दिवसाची खूण भिंतीवरच्या कॅलेंडरवर करावी आणि तिथून चार-पाच आठवडे मोजावेत. मृग वेळेवर बरसला तर हा हिशेब पुनर्वसू-पुष्याच्या सुमारास पुरा होतो. तोवर डोळा हलला नाही, बुडातून धुमारा आला नाही आणि साल बुडाशीही तपकिरी आहे, तर मग ते झाड गेले. त्यात संशय ठेवू नये. पाऊस लांबला तर मोजणीही लांबवावी. तारीख आपली असते, पाऊस आपला नसतो.

तोवर काय करावे, काय करू नये

पहिले, पाण्याचा मारा करू नये. झाड वाळले असे वाटले की आपण हंड्यावर हंडे ओततो. पाने नसलेले झाड पाणी फारसे पीत नाही. भारी काळ्या रानात असे पाणी साचून मूळ कुजते आणि झोपलेले झाड खरोखर मरते. पण पहिल्या दोन उन्हाळ्यांत मूळ उथळ असते, म्हणून अगदी कोरडेही सोडू नये. हलक्या माळाच्या जमिनीत आठ-दहा दिवसांनी झाडाला एक घागर पुरते, भारी जमिनीत त्याहून लांबवावे. नक्की पाहायचे असेल तर बुडापासून हातभर अंतरावर वीतभर उकरावे आणि खालची माती मुठीत दाबावी. लाडू वळला तर पाणी देऊ नये. माती सुटून पडली तर द्यावे. जुने मडके बुडाला बारीक भोक पाडून, त्यात वात घालून झाडाजवळ पुरले तर थोड्या पाण्यात काम होते.

आपल्या तालुक्यात पाण्याचे मोल कोणी कोणाला सांगायला नको. धनेगावचे मांजरा धरण आपल्याच तालुक्यात. 2016 च्या उन्हाळ्यात त्याचा तळ उघडा पडला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात झोपलेल्या झाडावर ओतलेला जास्तीचा हंडा दोनदा वाया जातो. एकदा पाणी म्हणून आणि एकदा मूळ कुजवले म्हणून.

दुसरे, बुडाशी आच्छादन करावे. उसाचे पाचट, वाळले गवत, सोयाबीनचे भुसकट, जे घरी असेल ते चार बोटे जाडीचे पसरावे. खोडाला मात्र टेकवू नये, वीतभर जागा मोकळी ठेवावी. नाही तर आच्छादनाखालून वाळवी थेट खोडावर चढते. पंधरा दिवसांनी एकदा आच्छादन उचलून पाहावे.

तिसरे, खोडाला चुना लावावा. पाने नसली की दुपारनंतरचे ऊन कोवळ्या सालीवर थेट पडते आणि पश्चिमेकडची साल करपून तडकते. घर सारवताना-रंगवताना जो चुन्याचा निवळ हात मारतो, तसा बुडापासून फांद्यांपर्यंत मारावा.

चौथे, झोपलेल्या झाडाला रासायनिक खत घालू नये. ज्याला पाने नाहीत ते खत घेऊन काय करणार? पालवी स्थिर झाली आणि पाऊस लागला की मग खताचे पाहू.

पाचवे आणि फार महत्त्वाचे, बांध जाळू नये. चैत्र-वैशाखात बांधावरचे गवत आणि उसाचे पाचट पेटवण्याची रीत आपल्याकडे आहे. शेळी सीताफळाच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाही, म्हणून आपण बांधावरच्या सीताफळाबद्दल निर्धास्त असतो. पण जाळ शेळीसारखा निवड करीत नाही. कोवळ्या झाडाला बुडाशी एकदा झळ बसली की वरचे सगळे जाते.

मेलेली काडी कशी काढावी?

वाळलेला शेंडा छाटायची घाई नको. पालवी फुटली की झाड आपणच दाखवते, कुठवर जीव आहे ते. मग धारदार छाटणीच्या कात्रीने, कोयत्याचा घाव न घालता, हिरवे लाकूड लागेल तिथे जिवंत डोळ्याच्या जरा वर काप घ्यावा. कापाला बोर्डो पेस्ट लावावी. घरच्या पुरती करायची तर 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना आणि 1 लिटर पाणी पुरे. अर्ध्या पाण्यात मोरचूद आणि अर्ध्यात चुना वेगवेगळा विरघळवून मग दोन्ही एकत्र करावे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नको. तयार पेस्टीत विळ्याचे टोक बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी आहे, आणखी घालावा. मोरचूद विषारी आहे, तेव्हा स्वयंपाकाचे भांडे वापरू नये आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

जोडाखालून फुटलेले धुमारे, वरचे कलम जिवंत असताना, लहान असतानाच काढून टाकावेत. ते ठेवले तर खुंट माजतो आणि कलम मागे पडते. वरचे कलम पुरते मेले असेल तर खालचा एकच सरळ, जोमदार धुमारा ठेवावा आणि बाकीचे काढावेत. त्यावर पुढे जाणकाराकडून पुन्हा कलम बांधून घेता येते. मूळ जुने आणि खोल गेलेले असल्याने ते नव्या रोपापेक्षा लवकर पुढे येते.

तांबडी चिंधी पक्की झाली त्या जागी मात्र त्याच पावसाळ्यात नांग्या भराव्यात. वर्ष जाऊ दिले तर मोठ्या झाडांच्या मध्ये लहान रोप दबून राहते. नवे रोप लावण्यापूर्वी जुने का मेले ते पाहावे. वाळवी असेल तर खड्ड्याचा बंदोबस्त आधी, पाणी साचत असेल तर चर आधी, रोप नंतर.

मोजणीच्या दिवशी

आता एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्रात 1990 पासून रोजगार हमीशी जोडून फळबागा लावल्या गेल्या आणि 2018 साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. अशा योजनांत अनुदान हप्त्याहप्त्याने मिळते आणि पुढचा हप्ता देताना जिवंत झाडे किती, ते पाहिले जाते. आपल्या मंजुरीच्या वर्षी किती टक्के झाडे जगलेली असण्याची अट आहे, हे कृषी कार्यालयात विचारून आपल्या वहीत लिहून ठेवावे.

पाहणी ऐन वैशाखात झाली आणि रानाचा खराटा दिसला, तर मोजणाऱ्यालाही प्रश्न पडतो. त्या वेळी वाद घालू नये. त्याला चार झाडांपाशी न्यावे, साल खरवडून हिरवे दाखवावे, चिंध्यांची ओळ दाखवावी आणि वहीत केलेली नोंद पुढे ठेवावी. कोणत्या ओळीत किती हिरव्या, किती पिवळ्या, किती तांबड्या, कोणत्या तारखेला पाहिल्या, एवढेच त्यात असावे. शाळेत जाणारे लेकरू ही वही छान ठेवते. तरी शंका राहिली तर पालवी फुटल्यावर पुन्हा पाहण्याची विनंती लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. ज्याने उन्हाळ्यातच झाडे उपटून टाकली, त्याच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही.

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत घरातल्या एका मोठ्याने आणि एका लहानाने मिळून आपल्या लहान झाडांतून एक फेरी मारावी. खिशात चाकू आणि हातात तीन रंगांच्या चिंध्या एवढेच सामान लागते. ज्या झाडाबद्दल ठरवता आले नाही त्याला पिवळी चिंधी बांधून पावसापर्यंत मुदत द्यावी. फेरीत काही अडचण आली तर झाडाचे वय, रोप की कलम, जमीन हलकी की भारी आणि साल कुठवर हिरवी आहे, एवढे लिहून पत्र पाठवावे.

पुढच्या अंकात उन्हाळ्यात खड्डे कसे घ्यावेत आणि ते उन्हात किती दिवस तापू द्यावेत, ते पाहू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, केज